दाजींची चिंचोक्याएवढी काळजी

काळजी करण्याच्या बाबतीत आमच्या दाजींचा हात धरणारा माणूस पंचगंगेच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही. नात्यानं ते माझे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्कांचे यजमान. बायको पहिल्यापासून त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही म्हणू लागलो, आणि आता त्यांची सबंध गल्ली म्हणते. इतर माणसं कारण घडलं की काळजी करतात. दाजी काळजी आधी करून ठेवतात आणि कारण मागाहून येईल अशा भरवशावर राहतात. घराबाहेर पडले की गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जायचं, गॅस बंद आहे का बघायला परत यायचं, पुन्हा कोपऱ्यापर्यंत जायचं, कुलूप ओढून बघायला परत यायचं, आणि तिसऱ्यांदा नुसतंच वळून घराकडं बघत उभं राहायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. एकदा तर अक्का आत भाकऱ्या थापत असताना बाहेरून कुलूप लावून, ते तीनदा ओढून बघून, अगदी निर्धास्त मनानं मंडईत गेले होते. अक्कांनी खिडकीतून गल्ली डोक्यावर घेतली तेव्हा दाजी परत येऊन म्हणाले, "बरं झालं की! आत माणूस असताना कुलूप, म्हंजे डबल सेफ!"

पण ही सगळी किरकोळ काळजी. दाजींची खरी, मुरलेली काळजी एका गोगलगाईची आहे. आणि ती गोगलगाय कोल्हापुरात राहत नाही, घाटाखाली, समुद्रात राहते.

त्याचं असं झालं. दाजी मूळचे चंदगडकडचे. तिथल्या पावसातून वर येऊन ते इथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. बरण्यांमधले बेडूक, साप, विंचू यांची पाणी बदलायची कामं त्यांच्याकडं. त्यांचे एक सर होते. ते मुलांना घेऊन दर वर्षी कोकणात सहलीला जायचे, आणि पिशव्या-बरण्या उचलायला दाजी बरोबर. अशाच एका सहलीत, समुद्रात घुसलेल्या एका काळ्या कातळावर, ओहोटीत उघड्या पडणाऱ्या चिरांमधून सरांना चिंचोक्याएवढी एक गोगलगाय दिसली. सरांनी पुस्तकं धुंडाळली, परदेशी पत्रं लिहिली, आणि बऱ्याच काळानं कळलं ते असं, की ही गोगलगाय आजवर जगात दुसरीकडं कुणालाही सापडलेली नाही. सगळा मुलूख म्हणजे तो एक कातळ. एक पान चघळून होईपर्यंत या टोकापासून त्या टोकाला जाऊन येता येईल एवढाच. पुढं सर म्हातारे झाले, लेकीकडं राहायला गेले आणि तिकडंच वारले. त्याआधी त्यांचा एकदा फोन आला होता. म्हणाले, "त्या कातळाकडं जरा लक्ष असू द्या." आपण असलं वाक्य ऐकून 'हो हो' म्हणतो आणि चहा घेतो. दाजींनी ते ऐकलं आणि त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली.

त्यात भर घातली यादीनं. जगातल्या धोक्यात आलेल्या जिवांची म्हणे एक मोठी यादी असते, आणि तिच्यात प्रत्येकाला त्याच्या त्याच्या परिस्थितीप्रमाणं रकाना मिळतो. कुणी बिनघोर, कुणी धोक्याच्या जवळ, कुणी धोक्यात, कुणी कायमचा गेलेला. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो, त्यामुळं ही यादी वाचून दाखवायचं काम माझ्याकडं आलं. दाजींच्या गोगलगाईपुढं लिहिलं होतं, 'माहिती अपुरी'. मी ते सांगितलं मात्र, दाजी खुर्चीतून उठलेच. "अपुरी म्हंजे? मी हाय की हितं जिवंत! मला कुणी इचारलं काय?" आजारी माणसाला डॉक्टरनं तपासायचंच नाकारावं असा त्यांचा चेहरा झाला. मग त्यांच्या वतीनं मी त्या यादीवाल्यांना पत्र लिहिलं. तिकडून अतिशय गोड भाषेत उत्तर आलं की आपली तळमळ पोचली, तथापि काही वर्षांची नीट मोजणी मिळाली तर विचार करता येईल. 'तथापि' हा शब्द दाजींना फार लागला. दुसऱ्याच अमावास्येला ते वही घेऊन गगनबावड्याच्या घाटानं कोकणात उतरणाऱ्या एसटीत बसले.

अमावास्येलाच का, तर त्या दिवशी समुद्र लांबवर मागं सरतो आणि चिरा उघड्या पडतात. पौर्णिमेलाही तेवढाच सरतो, पण पौर्णिमेला अक्का नृसिंहवाडीला जातात, आणि दोघंही घराबाहेर पडल्यावर गॅसकडं कोण बघणार? म्हणून अमावास्या. आता आमच्याकडं एखादा माणूस दर अमावास्येला न चुकता कोकणात जाऊन दुसऱ्या दिवशी डोळे तांबारून परत यायला लागला, की गल्ली काय समजायचं ते समजते. त्यातून दाजी कुणाला काही नीट सांगत नसत. बोललं तर दृष्ट लागेल ही आणखी एक काळजी. शेवटी गल्लीतल्या दूधवाल्यांची म्हैस आटली तेव्हा ते गृहस्थ हळूच येऊन म्हणाले, "दाजी, तुमी अमुशाला तिकडं जाताय न्हवं? आमच्या म्हशीचं तेवढं बघा की." दाजींनी परोपरीनं सांगितलं की मी गोगलगाय मोजायला जातो. ते गृहस्थ समजूतदारपणे हसले. म्हणाले, "असू दे, असू दे. नाव घिऊ नये त्येचं." निरुपाय होऊन दाजी म्हशीकडं गेले, तासभर तिच्याकडं काळजीनं बघत उभे राहिले, आणि म्हणाले की हिला पाणी कमी पडतंय. पाणी वाढवलं, म्हैस दूध देऊ लागली, आणि तेव्हापासून दाजींचा अमावास्येचा मान गल्लीत कायम झाला.

मोजणीचीही एक गंमत होती. मोजलेली गोगलगाय पुन्हा मोजली जाऊ नये म्हणून तिच्या पाठीवर ठिपका द्यावा लागतो, आणि खाऱ्या पाण्यात टिकणारा ठिपका म्हणजे नखांना लावायचा रंग. दाजी महाद्वार रोडवरच्या एका दुकानात गेले आणि पंधरावीस बाटल्या उघडून नाकाला लावून बघू लागले. दुकानदारानं अदबीनं विचारलं, "वहिनींचा रंग कसा हाय? गोरा का सावळा?" दाजी स्वतःच्या तंद्रीत म्हणाले, "काळपट. वरनं चुन्याचं ठिपकं. आन् पाठ खरबरीत." दुकानदारानं डाळिंबी रंगाची बाटली दिली आणि वर एक फुकट दिली. आमच्या अक्कांनी जन्मात नखं रंगवली नव्हती. पण पुढची सगळी वर्षं दुकानदार त्यांना बघून हळहळायचा.

गल्लीत हळूहळू खरी गोष्ट कळली, तेव्हा जो तो भेटेल तिथं एकच प्रश्न विचारू लागला, "खायला कशी लागते ओ?" कोल्हापुरात कुठल्याही जिवाची ओळख याच प्रश्नानं सुरू होते, त्यात वाईट हेतू नसतो. पण दाजींनी सगळीकडं सांगून ठेवलं की ती कडू असते. पाहुण्यांत कुणाकडं मटणाचं जेवण असलं की पहिला घास घ्यायच्या आधी ते न विचारता म्हणायचे, "एकदम कडूजार."

महापुराच्या दिवसांत तर त्यांची काळजी बघण्यासारखी. सगळं शहर पंचगंगेच्या पाण्याचे फूट मोजत असायचं आणि दाजी नकाशा पुढ्यात घेऊन बसलेले. एवढं गढूळ पाणी समुद्रात गेलं तर तिचं कसं व्हायचं? मग बोटानं पंचगंगा, तिथून कृष्णा, तिथून थेट पूर्वेचा समुद्र असं शोधून काढलं आणि मला फोन केला. "आपलं पाणी तिकडं जातंय! आपला तिला काय सुदिक तरास न्हाय!" त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी त्या वेळी गुडघाभर पाणी होतं, हे त्यांना मी आठवण करून दिली तेव्हा आठवलं.

कातळाजवळच्या वाडीत एक काकी राहतात. कालवं काढून विकायचा त्यांचा उद्योग. दाजी त्यांच्या पडवीत उतरतात. पहिल्या वर्षी काकींनी त्यांना कातळावर पोटावर निजून चिरांमध्ये बोटभर आरसा घालताना पाहिलं आणि विचारलं, "ह्यां खावूक नाय, इकूक नाय, मगे मोजतास कित्याक?" दाजी म्हणाले, "हायत का न्हाईत, ते कळाया नको?" काकींना ते पटलं. कालवं काढताना त्या चिरांपासून दूर राहू लागल्या, आणि वाडीतल्या बायकांनाही त्यांनी सांगितलं की कोल्हापूरच्या मास्तरांचं तिथं काहीतरी आहे, पाय देऊ नका. अशी सात-आठ वर्षं गेली. वहीत दर वेळी दीडशेच्या मागंपुढं आकडा. दाजींचा रक्तदाब त्या आकड्याबरोबर खालीवर व्हायचा.

मग दाजींची एकसष्टी आली, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ती घोडचूक केली. आमच्या शहरात वाढदिवस झाला याचा पुरावा म्हणजे चौकातला फलक. ज्याचा फ्लेक्स लागला नाही तो जन्मलाच नाही अशी आमची समजूत. मेहुण्यांनी, पुतण्यांनी दाजींचा फ्लेक्स लावायचं ठरवलं. दाजी नको नको म्हणत होते, आणि एकदम त्यांच्या डोक्यात आलं. म्हणाले, "माझा नको. तिचा लावूया. तिला कोण वळखत न्हाय, आन् ज्याला कोण वळखत न्हाय त्येला राखणार कोण?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मजकूर मी लिहिला. हे मला सांगितलंच पाहिजे. 'जगात फक्त इथंच!' ही ओळ माझी. उद्गारचिन्हासकट माझी. छापखान्यानं चिंचोक्याएवढी गोगलगाय रिक्षाएवढी केली, तिच्या डोक्याशी सोनेरी किरण काढले, खाली शुभेच्छुक म्हणून आम्हा सगळ्यांचे गॉगल लावलेले फोटो ओळीनं बसवले, आणि कोपऱ्यात आपल्या मनानंच एक वाघ टाकला. दाजी दोरखंड, तारा, पक्कड घेऊन एसटीतून तो फलक घेऊन गेले आणि कातळाच्या वाटेवर दोन सुरूंच्या मध्ये बांधून आले. तीनदा मागं येऊन गाठी ओढून बघितल्या असणार. परत आले तेव्हा मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा निवांत बसलेलं पाहिलं. कपातला चहा गार होईपर्यंत ते नुसते हसत होते.

तो निवांतपणा दिवाळीनंतरच्या एका वास्तुशांतीपर्यंत टिकला. माझ्या एका जुन्या सहकाऱ्यानं नवं घर बांधलं होतं. मी आणि दाजी, दोघंही जोडीनं जेवायला गेलो होतो. दिवाणखान्यात काचेचं कपाट, त्यात जोतिबाची तसबीर, मुलाची ढाल, आणि एका वाटीत वाळू घालून त्यावर ठेवलेला एक शंख. चिंचोक्याएवढा. दाजींनी कपाट उघडायची परवानगीही मागितली नाही. शंख उचलला, उलटा केला, सुलटा केला, चष्मा कपाळावर घेऊन डोळ्यांजवळ नेला. पाठीवर डाळिंबी ठिपका होता. यजमान कौतुकानं पुढं आले. "दाजी, वळखला का? दिवाळीच्या सुट्टीत तिकडं गेलो हुतो, तुमच्याच बोर्डावर वाचलं की! पोरांना म्हटलं, जगात दुसरीकडं मिळत न्हाय, चला बघू तरी. एकच आणला बरं का, जास्त न्हाय. आतला किडा मुंग्यांनी साफ केला." मग मोठ्या आपुलकीनं म्हणाले, "लई गर्दी हुती. सगळी आपलीच मानसं, कोल्हापूर पासिंगच्या नऊ नंबरच्या गाड्या. सगळ्यांनी एकेकच घेतला."

तो माणूस आनंदानं सांगत होता, आणि गोगलगाय नेली ती प्रेमानंच नेली होती. दाजींनी तो शंख दोन्ही हातांनी परत वाळूवर ठेवला. पानावर बसले, पण घास उचलला नाही. अक्कांनी "ॲसिडिटी हाय त्यास्नी" म्हणून वेळ निभावली. मी समोरच्या पंगतीत बसलो होतो आणि मला माझी ती ओळ उद्गारचिन्हासकट डोळ्यांपुढं दिसत होती.

दुसऱ्या दिवशी अमावास्या नव्हती, तरी दाजी गेले. फलक उतरवला. कातळावर भरतीचं पाणी होतं, त्यामुळं काही मोजता आलं नाही, आणि अमावास्येपर्यंतचे अकरा दिवस त्यांनी कसे काढले ते अक्काच जाणोत. त्या म्हणाल्या की त्या दिवसांत ते गॅस बघायला एकदाही परत आले नाहीत. ते ऐकून मला खरी भीती वाटली. अमावास्येला गेले आणि आले, आणि वही माझ्यापुढं ठेवली. सत्तेचाळीस. मी म्हटलं, "दाजी, पुन्हा वाढतील की. आता फलक नाही." ते म्हणाले, "मीच बोट दाखवलं ओ. हितं हाय म्हणून मीच बोट दाखवलं." माझी ओळ होती असं मी म्हणालो, तर म्हणाले, "तुमचं अक्षर, पर बोट माझंच." त्यानंतर दोन वर्षं आकडा तिथल्या तिथंच घुटमळत राहिला. काकींनी वाडीतल्या पोराटोरांना दम भरून गाड्या आलेल्या दिसल्या की वाट बंद करायला लावली. सगळे आकडे, चांगले आणि वाईट, आणि फलकाची हकीकतसुद्धा, दाजींनी मला इंग्रजीत लिहून त्या यादीवाल्यांना पाठवायला सांगितली. मी फलकाचा भाग गाळू का म्हणून विचारलं. "काय म्हणून?" ते म्हणाले. "खरं हाय ते घाला."

यंदा गणपती उठल्यावर उत्तर आलं. गोड भाषेतच होतं, पण या वेळी त्यात 'तथापि' नव्हतं. एका माणसानं इतकी वर्षं सलग केलेली मोजणी क्वचितच मिळते, असं लिहिलं होतं. तिच्या आधारानं गोगलगाईचा रकाना बदलला होता. मी उठलो, सदरा घातला, कोपऱ्यावरून पाव किलो पेढे घेतले आणि निघालो. यादीत नाव लागलं म्हणजे पेढे, ही आमच्या अंगात मुरलेली सवय. आयुष्यभर दहावीच्या निकालाला हेच केलं. दाजींच्या पायरीवर चप्पल काढताना लक्षात आलं, की आपण काय घेऊन आलो आहोत.

पुडा पाठीमागं लपवायला उशीर झाला होता. दाजींनी तो बघितला, मग माझ्या तोंडाकडं बघितलं. "कुठल्या रकान्यात?" मी सांगितलं, "धोक्यात." ते पलंगावर टेकले. ज्या रकान्यासाठी दहा वर्षं एसटीत हाडं खिळखिळी करून घेतली, तो मिळाला होता, आणि मिळाला होता तो तिच्या मरणाच्या भीतीमुळं, ज्यात त्यांचा स्वतःचा हात होता. मग म्हणाले, "आता पेढे वाटायचे का न्हाय, सांगा." आतून अक्का आल्या, पुडा माझ्या हातातून घेतला आणि सोडला. म्हणाल्या, "दुखणं काय हाय ते डाक्टरला कळलं की मानूस निम्मं बरं हुतंय. घ्या." एक पेढा मोडून निम्मा त्यांना दिला, निम्मा मला. गल्लीत मात्र त्यांनी वाटले नाहीत.

पुढच्या अमावास्येला मी दाजींबरोबर गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आमचा तो फलक काकींच्या जळणावर पावसाळी कापड म्हणून घातलेला होता, छापील बाजू खाली. संध्याकाळी पाणी मागं सरलं आणि आम्ही कातळावर उतरलो. दाजी पालथे पडून चिरांमध्ये आरसा घालत होते, आकडा सांगत होते, मी वहीत लिहीत होतो. उजेड उतरत आला तेव्हा एकावन्न झाले होते. "चार वाढल्या," मी म्हणालो. "वाढल्या म्हणू नका," दाजी दचकून म्हणाले. "सापडल्या म्हणा."

वही मिटता मिटता मला माझ्या बोटाशेजारी, चिरेच्या अगदी कडेला, मोहरीएवढं काहीतरी दिसलं. "दाजी, इथं एक बारकं आहे." ते गुडघ्यांवर सरकत आले. चष्मा कपाळावर, श्वास रोखलेला. किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. इतक्या लहान वयाची गोगलगाय त्यांनीही कधी पाहिली नव्हती. मी नखांच्या रंगाची बाटली उघडली, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "रंग नको. वजन हुईल त्येला." मग मी पेन घेतलं. "बरं, आकड्यात तरी घेतो. बावन्न." दाजींनी वही माझ्या हातून अलगद काढून घेतली आणि मिटली.

"मोठी तेवढी मोजायची, असंच सर सांगायचे. ह्ये लिहायचं न्हाय," ते म्हणाले. "न्हाय, ह्येच्याबद्दल कुणालाच कळवायचं न्हाय. ह्या एकाची त्यांच्याकडं माहिती अपुरीच ऱ्हाऊ दे."

पाणी परत येऊ लागलं तसे आम्ही निघालो. सुरूंपर्यंत आलो आणि दाजी थांबले, मागं जाऊन कातळाकडं बघून आले. काकींच्या बेड्यापर्यंत, म्हणजे कुंपणाच्या फाटकापर्यंत आलो आणि पुन्हा गेले. तिसऱ्यांदा नुसतेच वळून उभे राहिले. एरवी मी हसलो असतो. पण मीही वळून उभा होतो, आणि लाटेखाली ती चीर नक्की कुठं गेली ते मला दिसत नव्हतं.